मणियारसाहेबांचे दोन नमुने

गाण्यातलं फॅट मोजणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझ्या नशिबानं तो माझ्या शेजारीच राहतो.

मणियारसाहेबांची सगळी नोकरी संगमनेरला, एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली. गावोगावच्या दुधाच्या बाटल्या त्यांच्यापुढे यायच्या. बाटलीवर गावाचं नाव नाही, नुसता नंबर. तपासणाऱ्याला आपलं-परकं कळू नये म्हणून. निवृत्त झाले, बाटल्या सुटल्या, सवय काही सुटली नाही. आता ते तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत तपासतात, आणि तपासायला मला बसवतात. मी हायस्कूलात भूगोल शिकवतो. आठवड्यातून एक रविवार मिळतो, तो असा जातो.

प्रकार असा. एकच रचना दोन निरनिराळ्या वाद्यवृंदांनी वाजवलेली ऐकायची. वाद्यंही त्या जुन्या काळच्या पद्धतीची: व्हायोलिनला आतड्याच्या तारा, सूर आजच्यापेक्षा अर्धी पट्टी खाली. "नमुना एक," साहेब जाहीर करतात. तो संपला की मी चूळ भरून यायचं. मग नमुना दोन. चूळ कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"कान धुता येत न्हाईत सर, म्हणून," ते म्हणाले.

निकाल मी सांगायचा, त्याची नोंद ते दुधाच्याच भाषेत करतात. "हे पातळ हाय." "ह्यात पानी हाय." एका जर्मन वाद्यवृंदाला तर त्यांनी "पावडरीचं दूध" म्हणून कायमचं बाद केलंय. त्या बिचाऱ्यांना याची गंधवार्ता नसेल.

हा सगळा खटाटोप मुलीपायी. नसीम पुण्याला इंजिनिअर व्हायला गेली आणि व्हायोलिन शिकून हॉलंडला निघून गेली. तिथं अशाच एका जुन्या वाद्यांच्या वाद्यवृंदात ती वाजवते. "नव्या तारा मिळतात, तर आतडी कशाला?" या साहेबांच्या प्रश्नावरून बापलेकीचं जे बिनसलं, ते बोलणंच बंद झालं. फोन येतो तो आईला, म्हणजे भाभींना. त्या स्पीकर लावतात, आणि साहेब नेमके त्याच वेळी त्याच खोलीत पंख्याला तेल घालत असतात. तो पंखा आता ठिबकायला लागलाय.

दोन नमुन्यांतला एक कायम नसीमच्या वाद्यवृंदाचा. तो सरस ठरला, तर आपण चुकलो आणि फोन आपण करायचा, असं साहेबांनी ठरवून ठेवलंय. मग स्वतःच ऐकून ठरवा की, मी म्हटलं.

"नमुना बापानं तपासायचा नसतो सर."

खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दोन्ही वेळा तेच वाजतं आणि दोन्ही वेळा मला जांभई येते. अंदाजानं सांगितलेला नमुना हमखास दुसऱ्याच वाद्यवृंदाचा निघतो. शेवटी कंटाळून मी साहेबांच्या तोंडाकडे बघायला शिकलो. नसीमचा नमुना लागला की ते चष्मा काढून पुसत बसतात. मागच्या खेपेला दुसऱ्या नमुन्याला चष्मा निघाला. मी बिनदिक्कत सांगून टाकलं, "दुसरा. भरपूर फॅट." मनात म्हटलं, एकदाचा लागू दे फोन, माझे रविवार तरी सुटतील.

"तुमी माज्या तोंडाकडं बघत हुता," साहेब म्हणाले. "नमुना बाद." आणि माझी खुर्ची उचलून त्यांनी भिंतीकडे वळवली.

पुढच्या रविवारी मी भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर रंगाचे पोपडे आणि एक रिकामा खिळा. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच नीट ऐकलं. पहिला नमुना स्वच्छ होता, चुकीला जागा नव्हती. दुसऱ्यात मात्र एका संथ जागी सगळी व्हायोलिनं इतकी हळू झाली की मी श्वास धरून बसलो. भूगोल, रविवार, काही आठवलं नाही.

"साहेब, दुसरा," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो."

आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसलो.

"दुसरा चांगलाच हाय," ते म्हणाले. "नसीम पयल्यात हाय."

मला फार वाईट वाटलं. इतके रविवार ठोकून दिलं आणि खरं बोलायला नेमका हाच दिवस सापडला. "मला काय कळतंय साहेब, पुढच्या रविवारी परत—"

"न्हाई. तपासणी सरळ झाली. निकाल ज्याचा त्याला कळवायचा असतो," म्हणत त्यांनी मोबाईल काढला. नंबर शोधावा लागला नाही. भाभी पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अब्बा बोलतूं," साहेब फोनवर म्हणाले. "दूसरी आयी तू. हां, दोमेंच." मग त्यांनी चष्मा काढला.

"खाना खाई क्या?"