नलूमावशींची म्हैस

आमच्या शेजारच्या नलूमावशींना ‘पाणी आलं का?’ एवढंच विचारायचं असतं, पण त्या सुरुवात करतात ती नळ बसवणाऱ्या माणसाच्या लग्नापासून. तापीकाठच्या या हिंदी मुलखातल्या गावात, लालबागला राहायला आलो तेव्हा मला वाटलं, आज काही विशेष घडलं असावं. नंतर कळलं, हे रोजचंच. ऐकता ऐकता मी जरा चुळबुळ केली की म्हणायच्या, “अरे, रुक ना! असली बात तर पुढेच आहे.”

प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आणि ऐकायला वर्ग उरला नाही. मग मावशींनी ठरवलं, लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक लिहायचं.

“चार ओळी तर लिहायच्या,” त्या मला म्हणाल्या. “रविवारपर्यंत होऊन जाईल.”

गोष्ट अशी होती: एक म्हैस रोज तापी ओलांडून जैनाबादला चरायला जाते आणि तिच्या पाठीवर बसून एक साळुंकी अखंड बडबडते. एवढंच. पण चार ओळींच्या नावाखाली मावशींनी जाड गठ्ठा लिहिला. त्यात म्हशीची आजीसुद्धा होती. सोबत स्वतः काढलेली चित्रं जोडली. त्यातली म्हैस मला सोफ्यासारखी दिसली, पण बोलायची हिंमत झाली नाही.

पहिल्या प्रकाशकाने गठ्ठा परत पाठवला. दुसऱ्याकडून उत्तरच आलं नाही. “त्यांच्या घरी लग्नकार्य असेल,” मावशी सगळ्यांना सांगत. शेवटी एका दुपारी पुण्याच्या एका प्रकाशनातून फोन आला. मावशींनी स्पीकर लावला आणि साक्षीदार म्हणून मला शेजारी बसवलं.

“गोष्ट खूप आवडली,” संपादक म्हणाली. आवाजावरून पोरसवदाच वाटत होती. “पण जे चित्रात दिसणार, ते शब्दांत नको. आणि चित्रं आमची चित्रकार काढेल.”

फोन ठेवताच मावशी कडाडल्या. “माझी म्हैस परकी बाई काढणार? आणि ‘काळीभोर’ पण काढून टाका म्हणते! तिने पांढरी रंगवली म्हणजे?”

काही दिवस त्या रुसून बसल्या. मग गल्लीतल्या मुलांना ओट्यावर जमवून गोष्ट वाचून दाखवू लागल्या. मुलं जिथे एकमेकांना चिमटे काढायला लागत, तिथल्या ओळींवर काट मारत. एकदा सुतकी चेहऱ्याने माझ्याकडे आल्या.

“आजी गेली रे.”

मी दचकून उठलो. “कुणाची?”

“म्हशीची.”

असे शब्द जात राहिले, खर्डे पुण्याला जात-येत राहिले. करार हातात पडला तेव्हा मावशींनी गल्लीभर मावा जिलेबी वाटली. प्रत्येक दारात साग्रसंगीत कहाणी सांगितल्यामुळे शेवटच्या घरी जिलेबी पार गार होऊन पोचली.

गेल्या महिन्यात पुस्तक आलं. म्हैस काळीभोरच होती. मी हसत हसत पानं उलटत गेलो. शेवटी दोन्ही पानं भरून संध्याकाळची नदी, काठावर बसलेली म्हैस, तिच्या पाठीवर साळुंकी. शब्द एकही नाही.

“इथे छापायचं राहिलं का?”

“नाही रे. त्या पुण्याच्या संपादक पोरीने एक ओळ ठेवली होती. मीच काढायला लावली.”

मावशींनी पदराने पुस्तक पुसलं.

“आमचे हे असेच बसायचे,” त्या म्हणाल्या. “पेपर मिलमधून थकून यायचे, आणि माझं सुरू. जेवण गार होऊन जायचं, पण माझं संपेपर्यंत ताटावर बसायचे नाहीत. मला वाटायचं, या माणसाला काही बोलायचंच नसतं.”

“म्हणजे ही म्हैस...”

“हो, तेच. म्हैस केली म्हणून कळलं असतं ना, खूप हसले असते. आवाज नाही हां. नुसतं पोट हलायचं त्यांचं.”

मावशी अजून काही सांगतील म्हणून मी थांबलो. त्या चित्राकडे बघत राहिल्या. मीही उठलो नाही.