प्रतिनिधिगृह राधानगरीला गेलं!

लोकशाही कशी शिकवायची, हे अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे मी! परवापरवापर्यंत माझं असं ठाम मत होतं.

मी सोमशेखर. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आठ वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे तास सुरू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा वाजली की बेकार! दर दिवाळीला मेहुणा विचारतो, "दाजी, अजून तासावरच का?" मी लाडवाचा मोठा घास घेतो.

मला कायम करायचा विषय संचालक मंडळापुढं सहा वेळा आला आणि सहाही वेळा लटकला. संचालक अकरा. अध्यक्षा झुंबरबाई धरून सहा एका गटाचे, पाच पिराजीआण्णांचे. सहाजण माझ्या बाजूचे होते, पण आण्णांना माझ्या जागी त्यांचा भाचा हवा होता. त्यामुळे माझा विषय निघाला की आण्णा बोलायला उठत. संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात करत. पायाच्या दगडापर्यंत येईतो जेवणाची वेळ होई आणि सभा तहकूब!

या वेळी मी डोकं चालवलं. मीटिंग साडेबाराला होती. त्याआधी अकरा वाजता मी संचालकांसमोर 'अमेरिकेचं प्रतिनिधिगृह' भरवायचं ठरवलं. एकवीस विद्यार्थी, दोन पक्ष, एक विधेयक, जोरदार चर्चा, मग मतदान. पोरांचं वक्तृत्व ऐकून आण्णांचं मन विरघळेल आणि मी कायम होईन, असा साधा हिशोब!

बहुमताचा नेता राजवीर, त्याचे अकरा. विरोधी नेत्या मोना, तिचे दहा. विधेयक पोरांनीच निवडलं: परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, ती साठ करावी. राजवीर बाजूनं, मोना विरोधात. कारण मोनाची हजेरी शंभर टक्के होती आणि तिला ती फुकट जाऊ द्यायची नव्हती.

महिनाभर मी जीव तोडून शिकवलं. "तिकडं आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. सभासद पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, पद जात नाही! म्हणून नेता आणि प्रतोद सारखे डोकी मोजत असतात. एकेक सभासद सांभाळावा लागतो."

राजवीरनं 'सांभाळावा' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, काय हुशार पोरगा!

कार्यक्रमाच्या दिवशी पावणेअकराला हॉलमध्ये गेलो, तर एकवीस खुर्च्या आणि एकही सभासद नाही! तेवढ्यात राजवीरचा फोन.

"सर, काळजी करू नका. आपली अकराच्या अकरा माणसं सुरक्षित हाईत."

"सुरक्षित म्हणजे? कुठं?"

"राधानगरीला. मामाच्या शेतातल्या घरात. काल सांजच्यालाच बस करून आणल्यात. सगळ्यांच्या घरी सांगितलंय, कॉलेजची सहल हाय म्हणून."

"अरे, अकराला चर्चा आहे!"

"चर्चा कशाला सर? मोजून अकरा हाईत की! थेट मतदानाला आणतो. तुम्हीच म्हणलासा, पक्षांतरबंदी न्हाई. मग पोरं मोकळी सोडायची व्हय? मोना दोघांच्या मागं लागलीया."

डोळ्यांपुढं मेहुणा उभा राहिला. हातात लाडवांचं ताट घेऊन!

मोनाला फोन लावला. "मोना, तू तरी ये गं!"

"सर, मी पण राधानगरीतच हाय. आम्ही धाजण सकाळच्या वडापच्या जीपनं आलोय. ती दोघं फोडायला."

तोवर प्राचार्य गणपतराव धापा टाकत आले. "सर, संचालक आले! पोरं कुठायत?"

"अमेरिकेत," मी म्हणालो.

अकरा संचालक पुढच्या रांगेत बसले. मध्ये झुंबरबाई, साऱ्या तालुक्याच्या अक्का, इरकली लुगडं, मांडीवर पिशवी. सत्तरीच्या पुढं असतील. एकही निवडणूक हरलेल्या नाहीत. आता वेळ काढायचा तर बोलणं भाग होतं. मी रिकाम्या खुर्च्यांकडं पाठ केली आणि सुरू झालो.

"अमेरिकेत सभागृहाचा अध्यक्ष आपल्यासारखा पक्षापासून लांब राहत नाही. तो आपल्या पक्षाचा पुढारीच असतो! आणि बहुमताच्या नेत्यांची खरी ताकद भाषणात नसते. कोणता विषय कधी सभागृहापुढं आणायचा, हे त्यांच्या हातात असतं. वेळ ज्याच्या हातात, त्याचं सभागृह!"

"थांबा," झुंबरबाई म्हणाल्या. "ते शेवटलं परत सांगा."

मी परत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. आण्णा मात्र जांभई देत होते. इतक्यात फोन वाजला. घामेजल्या बोटांनी नको ते बटण दाबलं गेलं आणि राजवीरचा आवाज हॉलभर घुमला.

"सर, घात झाला! मोनाच्या पार्टीनं बसच्या चारी चाकांची हवा सोडली! त्यांचं वडाप बी निघून गेलंय. सगळी एकवीस जणं हितंच अडकल्यात!"

संपलं! मी डोळे मिटले. आता बाई उठणार, बदडणार, आणि मग नोकरी... ती तशीही नव्हतीच म्हणा.

बाईंनी हात पुढं करून माझा फोन घेतला, त्यावरचं नाव वाचलं.

"कोण बोलतंय? राजवीर व्हय? पोरगं-पोरगी सगळी धड हाईत न्हवं?"

"व्हय, अक्का. पिठलं-भाकरी खाल्ल्या."

"मग चुकलंस कुठं, सांगू? पोरांचं मोबाईल काढून घेतलं न्हाईस. आन् बसच्या ड्रायव्हरला बसमध्येच झोपवायचा असतोय. कळलं?"

"व्हय, अक्का," पलीकडून वही-पेन काढल्यासारखा आवाज आला.

मग बाई आण्णांकडं वळल्या. आवाज एकदम मऊ.

"आण्णा, पोरं अडकल्यात. तुमच्याच भागातली हाईत. दुसऱ्या कुणाचं ऐकायची न्हाईत. तुम्ही सोडवून आणलीसा, तर आईबापं जल्मभर नाव काढतील."

आण्णा ताडकन उठले. फोटोसाठी टोपी नीट केली. आण्णा एकटे कधी कुठं जात नाहीत, त्यामुळं मागोमाग त्यांचे चौघे. शिवाय एकवीस पोरांना पाच गाड्या लागणारच! धुरळा उडवत ताफा गेला.

मी स्टाफरूममध्ये जाऊन टेबलावर डोकं ठेवलं. पोरांच्या जिवाला धोका नाही, एवढं एकच समाधान. बाकी सगळं माझ्याच हातानं बुडवलं होतं. स्वतःचा असा राग आला की काय सांगू! दाराजवळ पावलं वाजली तरी मान वर करवेना.

"सर, उठा," गणपतराव म्हणाले. "कायम झालात!"

"उगाच थट्टा नको, साहेब."

"थट्टा न्हाई हो! साडेबाराला मीटिंग, बारा एकतीसला तुमचा विषय, बारा पस्तीसला मंजूर. सहा हात वर, विरोधात कोणी न्हाई."

"आणि आण्णा?"

"आण्णा बारा पस्तीसला राधानगरीच्या वाटेवर होते."

मला कळायला अंमळ वेळ लागला. कळलं तसं, खरं सांगतो, रडूच आलं. आठ वर्षांचं ओझं चार मिनिटांत उतरलं! गणपतरावांनी पाणी दिलं. मी विचारलं, "माझ्या शिकवण्याबद्दल काय म्हणाले सगळे?"

"काहीच न्हाई. बाई म्हणल्या, बोलून वेळ घालवू नका, हात वर करा."

अडीच वाजता आण्णा पोरं घेऊन आले. गेटवर फोटो काढला. मग त्यांना निकाल कळला. पुढचा अर्धा तास ते संस्थेच्या स्थापनेपासून बोलले, पण ऐकायला शिपाई सोडून कोणी थांबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र खिशात घालून, ताठ मानेनं वर्गात गेलो. "तर मुलांनो, चर्चा हा लोकशाहीचा आत्मा..."

पहिल्या बाकावरून राजवीरनं हात वर केला. शेजारी चक्क मोना. दोघांनी मिळून अर्ज आणला होता, खाली एकवीस सह्या. या प्रकरणावर झुंबरबाईंचं व्याख्यान ठेवावं म्हणून!

"सर, राग मानू नका," मोना म्हणाली, "पण ज्याचं त्यानं शिकवावं."

सोमवारी बाई आल्या. पोरांनी हॉल गच्च भरला, हजेरी शंभर टक्के! कायम झालेले प्राध्यापक सोमशेखर तिसऱ्या रांगेत दाटीवाटीनं बसले होते आणि खाली मान घालून टिपणं काढत होते.