पाण्याचं मी बघतो

पाणी ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि पाण्याचा प्रश्न ही इंजिनिअरची. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्टच्या दारांचे इंजिनिअर होते. दारं उघडत, मिटत. समाज होता तिथेच राही. म्हणून एके दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि आमच्या गल्लीचा पाणीप्रश्न सामाजिक उद्योजकतेतून सोडवण्याचा संकल्प सोडला. (सामाजिक उद्योजकता म्हणजे नफा झाला तर उद्योग, नाही झाला तर समाजसेवा.)

ताईने एवढंच विचारलं, "आणि आपल्या पोटापाण्याचं काय?"

"पाण्याचं मी बघतो," दाजी म्हणाले. "पोटाचं तू बघ."

ताई दवाखान्यात रक्ततपासणीचं काम करायची. तिने दुसरी पाळीही धरली.

आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं, पण नको त्या पाहुण्यासारखं: न कळवता, आणि नेमकं आपण घरात नसताना. दाजींनी दारोदार फिरून पाहणी केली. साठ टक्के लोकांनी पाणी हवं असल्याचं सांगितलं. उरलेले पाणी आणायला गेलेले असल्यामुळे त्यांचं मत कळू शकलं नाही. निष्कर्ष असा निघाला की लोकांना खरा त्रास पाणी नसण्याचा नाही, वाट पाहण्याचा आहे. शिवाय पाणी हे पाणीखात्याच्या अखत्यारीत येतं. वाट पाहणं कोणाच्याच येत नाही. तिथे काम करायला भरपूर वाव होता.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चिरलेल्या भाजीशेजारी तारा जोडत दाजींनी एक यंत्र तयार केलं. ते गल्लीच्या मुख्य पाइपवर बसलं आणि मागचा अनुभव जमेस धरून, माफक वर्गणीत, सगळ्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी संदेश पाठवू लागलं: 'आज पाणी येणार नाही.' अंदाज सहसा चुकत नसे. (यंत्र बिघडलं तरी अचूकतेत फरक पडत नसे.)

गल्लीचा कायापालट झाला. लोक निवांत झोपू लागले. नळावरची भांडणं थांबली, कारण नळावर कोणी जाईना. पाणी विकतच घ्यावं लागे, पण ते आता शांत चित्ताने. पाणीखात्यात जाऊन आरडाओरडा करणारी मंडळीही घरी बसली. आधीच कळवलंय म्हटल्यावर ओरडायचं कशाबद्दल? तक्रारी घटल्या म्हणून खात्याने दाजींचा सत्कार केला आणि त्यांना काचेचा एक थेंब दिला. मग तक्रार नाही म्हणजे मागणी नाही, असा रीतसर अर्थ लावून आमच्या गल्लीचं पाणी कायमचं बंद केलं.

यंत्राची अचूकता शंभर टक्के झाली. दाजी दिवसभर लोकांचे अभिनंदनाचे फोन घेत होते.

ताई मात्र दोन्ही पाळ्या करून कोपऱ्यावरून विकतच्या पाण्याच्या बादल्या वाहत होती. एकदा जिन्यातच तिचा खांदा आखडला. बादल्या पायरीवर ठेवून ती म्हणाली, "उद्या सगळे पाणीखात्यात चला."

गल्लीने एकमुखाने पाठिंबा दिला. मोबाइलवर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी ताई दोन रिकाम्या बादल्या घेऊन साहेबांच्या टेबलासमोर बसली. "पाणी सुटेपर्यंत मी इथंच आहे," तिने सांगितलं. "चहा नको."

संध्याकाळी नळाला पाणी आलं. संदेश 'येणार नाही' म्हणत होता, त्यामुळे भरायला घरी फक्त दाजी होते. ते बराच वेळ धारेखाली हात धरून उभे राहिले. ताई परतली तेव्हा त्यांनी तिच्या हातातल्या बादल्या घेतल्या आणि म्हणाले, "चुकलं." यंत्राचं की आणखी कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

गल्ली मात्र रागावली. पाणी येणार होतं तर आधी कळवायला नको?

तरी ताईबरोबर कोणीच गेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आम्ही सगळे मनाने तिथेच होतो. हे वाचताना तुम्हीही मनाने गेलाच असाल. एवढी गर्दी लोटूनही साहेबांना खुर्ची मात्र एकच द्यावी लागली.