तुळशीरामचा कोरम

चहात साखर घालायची की गूळ, हे आमच्या खोलीत मतदानाने ठरत असे. तुळशीराम नागापुरे सकाळी स्टोव्ह पेटवायचा, भांड्यात पाणी ठेवायचा आणि उभा राहून म्हणायचा, "चहा करावा असा ठराव मी मांडतो. अनुमोदन?" आमच्यापैकी कुणी हात वर करेपर्यंत पत्ती पुडीतून बाहेर येत नसे. खोलीतला तिसरा, बाबाराव, रोज काही ना काही दुरुस्ती सुचवायचा. एकदा त्याने "चहाऐवजी भजी" अशी दुरुस्ती मांडली. तुळशीरामने ती फेटाळली, कारण दुरुस्तीने मूळ ठरावाचा हेतू बदलता कामा नये.

"तुळश्या, पाणी आटून राह्यलं बे," बाबाराव म्हणायचा.

"पाण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाई," तुळशीराम शांतपणे सांगायचा.

बाबाराव गावाला गेला की खोलीत आम्ही दोघेच उरायचो. तेव्हा आम्ही उपसमिती होत असू. सभेला निदान किती माणसं हजर हवीत, त्याला तो कोरम म्हणायचा आणि उपसमितीचा कोरम दोघांचा असे. "दोघं असले का सभा होते," तो सांगायचा. "एकट्याची होत नाई." मी वरोऱ्याला घरी गेलो असताना तो एकटा चहा पीत असे की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

त्याला जाऊन आता वर्ष होत आलं. हे लिहायला बसतो आणि चार ओळींवर थांबतो. तो हसवणारा माणूस होता की नुसतं आम्हीच त्याला हसत होतो, हे माझं मलाच नीट ठरवता येत नाही.

आमच्या विद्यार्थी संघटनेच्या चांदा शाखेचा तो चिटणीस होता. संघटना अखिल भारतीय आणि शाखा मात्र एका बाकावर दाटीवाटीने मावेल एवढी. नियम असा होता की देशातल्या कुठल्याही शाखेने ठराव करावा, प्रांतिक परिषदेने तो तपासावा, धोरण समितीने सारख्या ठरावांची एक मोट बांधावी आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या खुल्या अधिवेशनाने हात वर करून त्याला मान्यता द्यावी. तिथे मंजूर झालं ते संघटनेचं धोरण. मग वर्षभर कार्यकारिणीने त्याबरहुकूम चालायचं आणि विद्यापीठांशी भांडायचं. हे मला समजावताना तुळशीराम सतरंजीवर सुपारीची खांडं मांडायचा. हे खांड शाखा, हे परिषद, हे मोठं धोरण समिती. मला जरा उमगायला लागलं की बाबाराव धोरण समिती उचलून तोंडात टाकायचा. पुन्हा सगळा गोंधळ.

तुळशीरामचा स्वतःचा असा एकच ठराव होता. जंगल भागातल्या विद्यार्थ्यांची वार्षिक परीक्षा मोहाच्या हंगामात घेऊ नये.

त्याचं गाव गडचिरोलीच्या पलीकडे. वडील तळ्यात जाळं टाकत. ते वारल्यावर घरात माय आणि हा. गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली. फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर गुरं येतात. वेचलेली फुलं वाळवून ठेवली की पावसाळा निघतो. मायचे गुडघे गेलेले. तिच्या एकटीच्याने तेवढी झाडं होत नसत. म्हणून ऐन परीक्षेच्या दिवसांत तुळशीराम टोपली घेऊन झाडाखाली असायचा. सलग दोन वर्षं त्याची परीक्षा बुडाली होती. तिसऱ्यांदा बुडाली तर नाव कमी करू, असं कॉलेजने त्याला बजावलं होतं. अधिवेशनाने ठराव मंजूर केला असता तर विद्यापीठाकडे शब्द टाकायला कार्यकारिणी बांधली गेली असती.

त्या हिवाळ्यात अधिवेशन नागपूरला होतं. आम्ही तिघेही गेलो. धोरण समितीत ठरावाचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मला सांगता येणार नाही. कुणी 'जंगल भाग' खोडून 'ग्रामीण भाग' केलं. समुद्रकाठच्या एकाला त्यात मासेमारीचे दिवस हवे होते. एकाने परीक्षेच्या वेळापत्रकाऐवजी परीक्षापद्धतीच घेतली. मग दुरुस्तीला उपदुरुस्ती आली आणि आता मत द्यायचं की नाही, यावर मत घेतलं गेलं. संध्याकाळपर्यंत ठरावात जागतिक शांतता आली होती आणि मोहफुलं कुठेच नव्हती. तुळशीराम एकेकाला गाठून, कलमं दाखवून भांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठराव पुन्हा जसाच्या तसा झाला. बाबारावने आनंदाने त्याला भजी खाऊ घातली, या वेळी बिनविरोध.

ठराव खुल्या अधिवेशनापुढे आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. स्वयंपाकघराकडून वरणाच्या फोडणीचा वास येत होता आणि मंडप भराभर रिकामा होत होता. अध्यक्षांनाही भूक लागली असावी. त्यांनी ठराव घाईने वाचला आणि विचारलं, "कुणाचा विरोध? नाही ना? तर मग हा ठराव..."

"हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महाराज."

तुळशीराम उभा होता.

"मंडपात कोरम नाई."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "अहो चिटणीस, हा ठराव तुमचाच आहे."

"हो. म्हणूनच."

मग डोकी मोजावी लागली. कोरम खरोखरच नव्हता. सभा तहकूब झाली. जेवणानंतर अंदाजपत्रकावरच इतकी हमरीतुमरी झाली की उरलेले सगळे ठराव पुढच्या अधिवेशनावर ढकलले गेले. तुळशीरामचाही.

परतीच्या गाडीत वर्धा आलं. शेवटी बाबारावला राहवलं नाही. "येडा आहेस तू. कोण मोजत होतं बे?"

"मी मोजत होतो," तुळशीराम म्हणाला. त्याने खिशातून सुपारीचं खांड काढून बाबारावला दिलं. मग म्हणाला, "आमच्या गावात जंगलाचा गार्ड येते. म्हणते, हे झाड तुमचं कायच्यावरून? आजा वेचत होता, बाप वेचत होता, त्याले काई किंमत नाई. कोणी यावं अन् बोट ठेवावं. माह्या ठरावावर तरी कोणाले बोट ठेवता नाई आलं पायजे."

मला त्याचं म्हणणं पटलं की नाही, हे तेव्हाही कळलं नाही. एवढंच वाटलं की मंडपातल्या त्या रिकाम्या खुर्च्या फक्त त्यालाच दिसल्या होत्या.

चैत्रात तो गावी गेला. परीक्षा झाली, त्याचं नाव कमी झालं, खोलीवरची वळकटी न्यायलाही तो आला नाही. श्रावणात त्याला हिवताप आला. निरोप घेऊन गडचिरोलीच्या बसचा कंडक्टर आमच्या खोलीवर आला, तोवर सगळं उरकलं होतं.

शाखेची सभा भरली. शोकठराव अध्यक्षांनी मांडायचा असतो आणि सर्वांनी उभं राहून तो संमत करायचा असतो. त्याला अनुमोदन लागत नाही. हे तुळशीरामनेच शिकवलं होतं. मी उभा राहिलो आणि तरीही हात वर केला. माझं पाहून बाबारावनेही केला. हरकत घ्यायला कुणी नव्हतं. मोहाचा ठराव आम्ही पुन्हा पुढच्या अधिवेशनाला धाडला.

दिवाळीनंतर त्याची वळकटी घेऊन मी त्याच्या गावी गेलो. माय अंगणात काटवलाचा वाळला वेल ओढून काढत होती. मी कोण ते सांगितलं.

"तुमी ते खोलीवाले भाऊ काय," ती म्हणाली आणि वळकटी मांडीवर घेऊन बसली. मग आपणहून बोलत राहिली. "तो मले सारं इचारे. भाजी कोनती करू, जाळं कवा टाकू. मी म्हणो, कर ना बाबा, मले काऊन इचारतं? तं म्हणे, नाई माय, हात वर कर." ती थोडी हसली. "भाकर थापता थापता मी पिठाचा हात वर करो. या घरात मले कोनं कदी इचारलं नोहोतं, भाऊ."

अंगणात एक कोंबडी वेलात अडकली होती, तिला मी सोडवलं.

"दोघं असले का सभा होते म्हणे," माय म्हणाली. "आता काई होत नाई."

ऊन उतरलं तशी ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. आत जाऊन तिने चुलीवर भांडं ठेवलं आणि दारात येऊन म्हणाली, "चहा मांडू काय?"

मी मान डोलावली. ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मला कळायला जरा वेळ लागला.

मी हात वर केला. मग तिने भांड्यात पाणी ओतलं.