मारोतरावांची बॅटरी

मारोतराव भेटले की नमस्कार करत नाहीत. आधी तुमच्या डोळ्यात बॅटरी मारतात. आपले हात जोडलेले, डोळ्यांपुढे काजवे, आणि कानावर निदान, "साडेसातले डाग हाये तुमच्या. लिव्हर!"

घाबरू नका. नागपूरच्या एका शिबिरातून त्यांनी एक तक्ता आणलाय. त्यात बुबुळाचं घड्याळ केलंय. सहाला किडनी, साडेसातला लिव्हर, बाराला डोकं. तेव्हापासून आदिलाबादकडच्या आमच्या इचोडा गावात कुणाच्या अंगात अवयव म्हणून उरले नाहीत, नुसत्या वेळा उरल्या. शिबिराआधी मारोतराव फक्त भाजी विकायचे. आता भाजीही विकतात.

"भाऊ, वांग्यातली अळी मी बाहेरून वळखतो. मंग माणसातली काऊन नाही वळखणार?"

औषधही दुकानातलंच. ज्या दिवशी दोडके खपत नाहीत, त्या दिवशी अर्ध्या गावाचं लिव्हर बिघडतं. तेलुगू गिऱ्हाइकं त्यांना 'कंटी डॉक्टर', म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर म्हणतात. त्यातली थट्टा मारोतरावांपर्यंत पोचत नाही.

एकदा ढाब्यावर त्यांना एका ट्रक ड्रायव्हरच्या डाव्या डोळ्यात किडनीचा खडा दिसला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "चाचा, ये आँख तो काँच की है." दुसरा कुणी असता तर तोंड लपवून पळाला असता. मारोतराव म्हणाले, "मंग तं पक्कंच! काचेतूनबी दिसून राह्यला म्हणजे खडा केवढा असन!" आणि दुकानात नेऊन त्याच्या गळ्यात किलोभर मुळे मारले.

माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच. बॅटरीचे सेल माझ्याकडूनच नेतात आणि दर वेळी वापरून वापरून परत आणतात, "भाऊ, माल खराब देल्ला तुमी." मी ऐकून घेत नाही. माझ्या दुकानातला माल खराब निघत नाही, हे मी देवाच्या बापालाही ठणकावून सांगेन.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मारोतरावांच्या बायकोला आम्ही सारे वहिनी म्हणतो, आणि या उन्हाळ्यात वहिनी वाळत चालल्या. पोटावर हात दाबून बटाट्याच्या पोत्याला टेकून बसायच्या. मी म्हटलं, "मारोतराव, डॉक्टरला दाखवा." तर म्हणाले, "घरचं मी पाहून राह्यलो ना." माझं डोकंच फिरलं. हा माणूस बायकोला दुधीच्या रसावर मारणार, असं मी घरी येऊन बोललोही.

परवा गुडघा दाखवायला आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर हे दोघं! मारोतरावांनी ओळख लागू नये म्हणून तोंडाला दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधलेली. मांडीवर रिपोर्टांची फाईल, हाताळून हाताळून कडा फाटलेली. म्हणजे गावाला मुळे आणि घरच्यांना डॉक्टर! म्हटलं, आज बरा सापडला. एक झणझणीत टोमणा जुळवत मी जवळ गेलो.

त्यांच्या बोलण्यावरून कळलं, पोटातली गाठ कसली आहे त्याचा रिपोर्ट यायचा होता. वहिनी म्हणत होत्या, "अवं, साऱ्या गावाचे डोळे पाह्यता. एकदा माह्या डोळ्यात पाहा ना. डॉक्टर काही म्हणो, तुमी म्हणता तेच मले पटते."

मारोतरावांनी खिशातून बॅटरी काढली. वहिनींनी डोळे मोठे करून तोंड वर केलं. पण मारोतरावांचा अंगठा काही बटणावर जाईना. जन्मात पहिल्यांदा या माणसाला कुणाच्या डोळ्यात काही दिसेल याची भीती वाटत होती.

"सेल गेले वाटते," ते पुटपुटले आणि बॅटरी खिशात ठेवली.

वहिनींचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काय हो भाऊ? कालच तं तुमच्याकडून नवे आणले ना?"

मारोतरावांनी दस्तीवरून माझ्याकडे पाहिलं.

"हो वहिनी," मी म्हणालो, "पण या खेपेचा मालच खराब निघाला."