जर्मनच्या गंजाची सायकल

सायकलच्या नळीला कान लावून ऐकणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे शेजारी डोमाजी.

आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. आमगावात कोणाला सायकल घ्यायची झाली की डोमाजींना गोंदियाला सोबत न्यायचं, असा रिवाजच पडला होता. त्यांना स्वतःला सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. दुकानात शिरले की ते खिशातून अडकित्ता काढत, सांगाड्यावर टक टक वाजवत आणि डोळे मिटून निकाल देत. "विलायती पोलाद हाय. पातळ, पन गाते." नाहीतर, "देशी हाय. बद्द बोलते, पन धानाचं पोतं झेलते. लोखंड लबाड बोलत नाई, बापा!"

मी नवा मास्तर झालो तेव्हा माझ्यासाठी त्यांनी नऊ सायकली वाजवल्या. दुकानदारानं हात जोडले. "काकाजी, साइकिल है, तबला नहीं." तरी दहावी वाजवलीच.

ही दहावी बदलून गेलेल्या रेल्वे साहेबाच्या मेमसाहेबाची होती, अ‍ॅल्युमिनियमची. आमच्याकडे या धातूच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, आणि पातेल्याला गंज. डोमाजींनी तोंड वाकडं केलं. "हे त जर्मनचं गंज! यात भात रांधाव, यावर बसाव काऊन?" हा विनोद त्यांनी गावभर इतका सांगितला की वर्षभर त्या सायकलीला गिऱ्हाईक मिळालं नाही.

मग त्यांची विधवा मुलगी गिरजा मास्तरीण झाली. शाळा तीन कोसांवर, वाट धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून. पावसाळ्यात तिथल्या चिखलात माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. वेळेवर पोचली नाही तर नोकरी जाणार आणि गिरजा पुन्हा घरात कोंडली जाणार. लोक म्हणत, "बाईमानूस सायकलवर?" डोमाजी ऐकून न ऐकल्यासारखं करत.

एक दिवस मला म्हणाले, "चला जी मास्तर, गोंदियाले."

दुकानात त्यांनी धोतर खोचलं, देशी सायकल खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून चौकापर्यंत जाऊन धापा टाकत परतले. मग मेमसाहेबाची उचलून तीच फेरी, या वेळी धाप न लागता. लोक खदाखदा हसत होते. आधी मीही हसलो, मग मला लाज वाटली.

"हीच द्या," ते दुकानदाराला म्हणाले.

अडकित्ता खिशातच होता. मी विचारलं, "वाजवून नाही पाहिली?"

"वाजवून का करू, मास्तर? मले ऐकाची नाई. पोरीले उचलाची हाय."