सिक्स्टनच्या नावावरचा उन्हाळा

"आजपासून आपल्या घरात कोणाला डोकावून बघता येणार नाही," सिक्स्टनने जूनमधल्या एका सकाळी जाहीर केलं आणि लॅपटॉप अशा ऐटीत बायकोकडे वळवला, की जणू घराभोवती खंदकच खणून आला होता.

इंगरने खिडकीबाहेर पाहिलं. "कोण डोकावत होतं?"

"सगळेच. दुकानवाले, जाहिरातवाले. परवा मी एकदा गुडघा हा शब्द शोधला, तर संध्याकाळपर्यंत मला गुडघ्याचे पट्टे दाखवत होते."

"घ्यायचा होतास एक. जिना चढताना कण्हतोस."

सुरुवात खरं तर साधी झाली होती. सिक्स्टन घरी बसून जर्मन पंपांची माहितीपत्रकं स्वीडिशमध्ये आणायचा. त्यासाठी त्याने ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडलं. शब्दावर दोनदा क्लिक केलं की अर्थ समोर. इतकी सोय झाल्यावर माणूस चटावतोच. मग त्याने दुसरं जोडलं. वेबसाइटवर मध्येच उगवणाऱ्या 'तुमची संमती आहे का' छाप चौकटी ते परस्पर मिटवून टाकायचं. आणि तिसरं म्हणजे त्याच्या मते कमालच होती. जी पानं उघडी असतील त्यांवर ते गुपचूप, दिसेल तिथे क्लिक करत राहायचं. या माणसाला नेमकं काय हवंय, हे पाळत ठेवणाऱ्याला कळूच नये म्हणून.

"ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही," इंगर म्हणाली. "एक्स्टेंशन न जोडता."

तिच्या जिवाला वेगळाच घोर होता. फ्लॅट त्यांचा नव्हता. मालक स्पेनला जाऊन राहिला होता आणि हे दोघं पोटभाडेकरू. दरवर्षी बिल्डिंगच्या सोसायटीने परवानगी दिली तरच राहायचं, आणि यंदाची बैठक गुरुवारी होती. नाही म्हणाले, तर बोरोसला इंगरच्या भावाच्या तळघरात मुक्काम. भाऊ चांगला होता, पण अकॉर्डियन वाजवायचा. इथे गॉथेनबर्गमध्ये दुसरं घर मिळणं म्हणजे रांगेत म्हातारं होणं, आणि त्याची सुरुवात दोघांचीही झालेली होती.

"गुरुवारपर्यंत नीट वाग," तिने बजावलं. "कोणाच्या डोळ्यावर येऊ नकोस."

"मी कोणाच्या डोळ्याला दिसतच नाही आता," सिक्स्टन म्हणाला.

त्या बिल्डिंगमध्ये सगळं खपायचं, फक्त धुण्याची आगळीक खपायची नाही. तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईखोली. कॉम्प्युटरवर आपली वेळ राखायची, आणि त्या वेळेला दार फक्त आपल्याच इलेक्ट्रॉनिक चावीने उघडायचं. दहा मिनिटं जास्त थांबलात तर लोक वर्षभर नमस्कार करत नसत. म्हणून तर सिक्स्टन ते पान लॅपटॉपवर कायम उघडंच ठेवायचा.

सोमवारी तो कपड्यांची टोपली घेऊन खाली उतरला, तर धुलाईखोलीच्या दारावर चिठ्ठी. 'ऑगस्टअखेरपर्यंत एकही वेळ शिल्लक नाही. हे ज्याने केलं त्याला थोडी तरी लाज असावी. सस्नेह, सोल्वेइग, अध्यक्ष.'

स्वतः सोल्वेइगबाई शेजारीच उभ्या होत्या. समोर दुसऱ्या मजल्यावरचा मेल्कर. त्याला जुळी झाली होती. त्याच्या हातातल्या लंगोटांच्या बादलीकडे बघवत नव्हतं.

"मी नाही केलं हो," मेल्कर रडकुंडीला येऊन सांगत होता. "मला तर एकसुद्धा वेळ मिळालेली नाही."

"सगळ्यात जास्त धुणं कोणाकडे आहे, ते दिसतंय ना," सोल्वेइगबाई शांतपणे म्हणाल्या.

"मग कोणाचं नाव आहे ते बघा की."

"नावं दिसत नाहीत आता." बाईंनी सिक्स्टनकडे मान वळवली. "गेल्या सभेत यांनी भाषण केलं होतं. कोण कधी चड्ड्या धुतो हे शेजाऱ्याला कळणं म्हणजे खाजगीपणावर घाला आहे म्हणून. आम्ही काढली नावं."

सिक्स्टन कानकोंडा झाला. आता काहीतरी चांगलं बोलून बाईंच्या नजरेत वर चढावं, असं त्याला वाटलं. आणि नको ते तोंडातून गेलं.

"मी शोधून काढतो. गुरुवारच्या आत नाव तुमच्या हातात देतो."

"बरं होईल," बाई म्हणाल्या. "असल्या माणसाला बिल्डिंगमध्ये ठेवायचं की नाही, हेही त्याच बैठकीत बघू."

वर येऊन त्याने धुलाईचं पान समोर घेतलं. सगळं तांबडंलाल. फक्त ऑगस्टअखेरची एक चौकट हिरवी उरली होती, कोणीतरी नुकतीच सोडलेली असावी. तो चष्मा सावरून तिच्याकडे बघतो न बघतो तोच ती त्याच्या डोळ्यादेखत लाल झाली. त्याने कशालाही हात लावलेला नव्हता. खाली ओळ उमटली : 'धन्यवाद, सिक्स्टन.'

ते तिसरं एक्स्टेंशन अजून इमानाने, दिसेल तिथे क्लिक करत होतं.

"इंगर," तो क्षीण आवाजात म्हणाला, "चोर सापडला."

तिने येऊन पाहिलं आणि ती खुर्चीत बसली. "अरे, रद्द कर ना मग."

त्याने एक वेळ रद्द केली. 'नक्की रद्द करायची का' अशी चौकट उगवली आणि दुसऱ्या एक्स्टेंशनने ती तत्परतेने मिटवून टाकली. पुन्हा केली, पुन्हा मिटली. घाईघाईत त्याचं क्लिक शब्दावर दोनदा पडलं आणि पहिल्या एक्स्टेंशनने 'रद्द' या शब्दाचा अर्थ सविस्तर सांगितला, उदाहरणासकट. तिन्ही उपटून काढेपर्यंत त्याला घाम फुटला. मग त्याने सपाट्याने एकामागून एक वेळा रद्द करायला घेतल्या, तेवढ्यात पानावर नवीन ओळ आली. इतकी उलथापालथ संशयास्पद वाटल्याने त्याचं खातं गोठवलं होतं, आणि राखलेल्या सगळ्या वेळा होत्या तशाच त्याच्या नावावर अडकल्या होत्या. कंपनीला फोन लावला, तर तंत्रज्ञ उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलेले. अख्खा देशच आता तळ्याकाठी जाऊन बसणार होता. सप्टेंबरमध्ये बघू, म्हणाले.

"मेल्करचं नाव घेतील रे," इंगर म्हणाली. "तुला परवानगी मिळेल आणि त्या पोराला पिल्लांसकट काढतील. असल्या घरात मला झोप लागायची नाही."

"आणि बोरोसला लागेल?"

इंगरने लॅपटॉप मिटला. त्यालाही ठाऊक होतं की ती खरं बोलत होती. तीन दिवस त्याला घास गिळवेना. जिन्यात मेल्कर दिसला की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा.

गुरुवारी बैठकीत सोल्वेइगबाईंनी मेल्करचा विषय काढायला तोंड उघडलं, आणि सिक्स्टन उठून उभा राहिला. गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला. त्याने तिन्ही एक्स्टेंशनची कहाणी सांगितली. गोठलेलं खातं आणि सप्टेंबरही सांगितला. "मेल्करचा काही दोष नाही. सगळं माझ्या नावावर आहे. आम्ही सामान बांधायला घेतो," म्हणाला आणि बसला.

सोल्वेइगबाईंनी कॉफीचा घोट घेतला.

"म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत धुलाईखोलीचं दार फक्त तुमच्या चावीने उघडणार?"

"हो."

"आणि तुम्ही घर सोडलंत, तर चावीही बंद होणार?"

"हो."

बाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मेल्करची बादली दाराबाहेर ठेवलेली होती, पण ती तिथे आहे हे आत सगळ्यांना कळत होतं.

"परवानगी मंजूर," बाई म्हणाल्या. "एकमताने."

दुसऱ्या दिवसापासून सिक्स्टनच्या दारावरची घंटा थांबली नाही. चावी हवी की त्याच्याकडे यायचं, नेली की आणून द्यायला पुन्हा यायचं. आले की लोक बसायचे. इंगर दालचिनीचे पाव पुढे करायची. कोणाला त्याची गोळ्यांची डबी दिसली, कोणाला बँकेचं पत्र. सोल्वेइगबाईंनी तर त्याची बेडरूमही पाहिली, पडदे बदला म्हणाल्या. मेल्करने जाताना भीतभीत विचारलं, "तुमचं ते शब्दांचं एक्स्टेंशन मलाही जोडून द्याल का?"

इंगरने, नवऱ्याने केलेलं फेडायचं म्हणून, एकेक वेळ वाटून टाकली. कोणाला नाही म्हणायचं तोंड कुठे होतं? आणि वाटून झाल्यावर लक्षात आलं की आपल्यासाठी एकही उरलेली नाही.

अख्खा उन्हाळा सिक्स्टनच्या नावावर होता, आणि सिक्स्टन बाथटबवर वाकून स्वतःच्या चड्ड्या घासत होता. घासून झाल्या की बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घालायचा, चारी बाजूंच्या खिडक्यांतून नीट दिसतील अशा.